दूरच्या ग्रहावरचा चहाचा मळा

तंजावुरात केबल आली आणि घरातला गोष्टी सांगणारा म्हणून माझी पत घसरली. पडद्यावर रोज अंतराळयानं उडायची, माझ्या राजाराण्यांना भाचरं विचारीनात. मग मीही गोष्ट अंतराळात नेली. मी कचेरीतला कारकून, स्कूटरवरून तिरुवैयारूपलीकडे क्वचित गेलेला. पण दूरच्या एका ग्रहावर चहाचा मळा लावून मोकळा झालो.

मळा कुठून आणला, ते सांगितलं नाही. आमच्याकडे इडलीचं पीठ वाटायला एक बाई यायची. मी तिला अक्का म्हणे, ती मला तंबी, म्हणजे धाकटा भाऊ. तिचं लहानपण सिलोनच्या चहाच्या मळ्यात गेलेलं. तिथल्या तमिळ मजुरांना भारतात माघारी धाडलं तेव्हा तिला इकडचे कागद मिळाले, थोरल्या बहिणीला नाही. बहीण तिथेच राहिली. हे तिने मला एकदाच, तमिळमध्ये, रगडा फिरवता फिरवता सांगितलं होतं.

मी सगळं उचललं. जळवांना बोलतं केलं, पानं खुडणाऱ्या बायांच्या कमरेला टोपल्या बांधल्या, मुकादमाला तीन हात दिले. दोघी बहिणींपैकी एकीलाच यानात जागा मिळते. मागे राहिलेली रडून रडून चहाचं झुडूप होते, आणि मुकादम तिन्ही हातांनी तिचीच पानं खुडतो. इथे मुलं हसून लोळायची.

अक्का तिथेच, मागच्या पडवीत असायची. पण परक्याला कळू नये ते मराठीत बोलायचं, ही आमच्या घरची जुनी रीत. ती पीठ जाड काढते, हेही आम्ही तिच्यासमोर मराठीतच बोलायचो.

एका रविवारी दुपारी मुलं पांगल्यावर ती म्हणाली, “तंबी, टोपली कमरेला नाही बांधत. दोरी डोक्यावरून घेतात.” आमच्याच मराठीत म्हणाली.

“अक्का, तुला मराठी येतं?”

“वीस वर्षं झाली. या रगड्यालासुद्धा आलं असेल.” तिने हात धुतले. “पीठ जाड काढते म्हणता, तेही मज ठाऊक आहे.”

मी काही बोलायच्या आत तिने विचारलं, “तिला झुडूप कशाला केलंस?”

“मुलं हसतात म्हणून.”

“हसू देत. पण यान तुझं, ग्रह तुझा. तिच्यापुरती एक जागा ठेवली असतीस तर तुझं काय गेलं असतं?”

पुढच्या रविवारी मी गोष्टीतल्या थोरल्या बहिणीलाही यानात बसवलं. खिडकीजवळ.

“मामा, चुकलास. ती झुडूप होते,” थोरली भाची म्हणाली.

“नाही होत. दोघी जातात.”

“मग गंमत काय? थांब, मी सांगते.” आणि तिने सांगितलं. हुबेहूब माझ्या आवाजात, तिन्ही हातांचा अभिनय करून. मीच शिकवलेलं, थांबवणार कसा? मुलं लोळली. पडवीतला रगडा थांबला, आणि जरा वेळाने पुन्हा फिरू लागला.

त्या आठवड्यापासून पीठ अगदी बारीक येऊ लागलं. घरात सगळ्यांनी इडलीचं कौतुक केलं. तेही मराठीतच; तिला सगळं कळतं, हे एकट्या मला ठाऊक होतं.