जांभळ्या रेघेची काडतुसं

आर्लिस नुडसनकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं, तेव्हा ती नेमबाजीच्या रेंजवर खडीत गुडघे टेकून बसली होती. सामना कधीच संपला होता. पुरुषमंडळी पिकअपच्या मागच्या फळीशी कॉफी पीत उभी होती आणि ही एकटी गवतातून काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या वेचत होती. माझे यजमान एव्हरेट तेव्हा नव्यानेच पिस्तूल नेमबाजीला जायला लागले होते. गुण लिहायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मलाही टेबलाशी बसवलेलं होतं. शाळेतली बाई, तिला बेरीज येणारच, असा हिशेब.

मला वाटलं, बाई काटकसरी दिसते, जमेल तेवढं पितळ घरी नेतेय. पण तिने सगळ्या पुंगळ्या टोपीत गोळा करून माझ्या टेबलावर ओतल्या आणि निवडायला बसली. आमच्याकडे जो तो आपल्या काडतुसांच्या बुडाला मार्करने खूण करतो, म्हणजे उडालेली पुंगळी कुणाची ते कळतं. लाल ठिपका आमच्या क्लबातल्या ग्लेनचा, काळी फुली एव्हरेटची. आर्लिसची जांभळी रेघ. तिने प्रत्येकाचा ढीग वेगळा केला आणि ज्याच्या त्याच्या बॅगेत नेऊन टाकला.

"एवढं कशाला करता?" मी विचारलं.

"दुसऱ्याचं पितळ माझ्यात मिसळलं की मला झोप येत नाही, बाई," ती म्हणाली. "किती वेळा वापरलंय, कुठे चीर गेलीय, काय ठाऊक?"

ती आमच्या लिंडालच्या धान्याच्या गोदामावर वजनकाट्याशी बसायची. शेतकऱ्यांचे ट्रक आत येताना तोलायचे, बाहेर जाताना तोलायचे, हे तिचं काम. नवरा लवकर गेला. मूलबाळ नाही. घराच्या तळघरात एक प्रेस, एक छोटा तराजू आणि भिंतीवर नवऱ्याचा बोलिंगचा कप. रिकाम्या पुंगळीच्या बुडाला ठिणगीची नवी टोपी बसवायची, बंदुकीची दारू मोजून घालायची, वर गोळी दाबायची, असं एकेक काडतूस ती भरायची. भरताना रेडिओ बंद. फोन वाजला तर उचलायचा नाही. मधेच उठावं लागलं तर हातातलं काडतूस बाजूला काढून पुन्हा पहिल्यापासून. पुंगळीत दारू पडली की तिच्यावर दिवा धरून आत वाकून बघायचं, मगच गोळी. एकदा दारात उभी राहून मी तिला हाक मारली, तर मान न उचलता तिने डावा हात वर केला, वर्गात आपण पोरांना गप्प करतो तसा. मी दारातच थांबले.

रोलंड विक तिचा जोडीदार. तसा जोडीदार नव्हे, नेमबाजीतला. पंधरा वर्षं दोघं त्याच्या पिकअपमधून सामन्यांना जायची. तो गाडी चालवायचा, ती थर्मास आणि रुबार्बच्या आंबटगोड वड्या न्यायची. त्याची बायको डोना वारल्यावर गावाने साहजिकच काय काय जोडून पाहिलं.

"करून टाका ना लग्न एकदाचं," ग्लेन चिडवायचा.

"याने पिस्तूल शेवटचं कधी पुसलं विचार," आर्लिस म्हणायची. "त्या घरात मी मोजे कुठे ठेवू?"

रोलंड हसायचा. मोठा, रुंद खांद्यांचा माणूस, हसला की डोळे मिटायचे. डोना आजारी असताना आर्लिसने एक आख्खा हिवाळा त्यांच्या अंगणातला बर्फ काढला होता. आणि आर्लिसच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा रोलंड रोज तिचं टपाल आणायचा आणि मुद्दाम चुकीच्या बातम्या सांगून तिला भांडायला लावायचा.

मग रोलंडला जवळचं दिसेनासं झालं. लांबचा नेमाचा पुठ्ठा दिसायचा, पण पिस्तुलाच्या टोकावरची नेम धरायची माशी धुरकट. चष्मे बदलून झाले. आयुष्यभर तो आर्लिससारखंच मोठ्या काडतुसाचं जुनं पिस्तूल वापरत आलेला. आता सोडावं लागणार म्हणून महिनाभर कुणाशी धड बोलेना.

आर्लिसनेच त्याला धरून दुकानात नेलं. मीही होते बरोबर. तिने दुकानदाराला काउंटरवर चार पिस्तुलं ठेवायला लावली, रिकामी आहेत ना ते एकेक करून पाहिलं आणि रोलंडला भिंतीकडे तोंड करून उभं केलं.

"डोळे मीट. उचल. आता उघड. काचेत लाल ठिपका दिसतो?"

"वर कुठेतरी आहे."

"मग हे नाही तुझं. पुढचं घे."

"अगं, पण हे देखणं आहे!"

"तुला नाचायला न्यायचंय का त्याला? मनगट ठिपका शोधत बसणार आणि टायमर पळत राहणार. पुढचं."

तिसरं उचलल्यावर ठिपका आपसूक डोळ्यांसमोर आला. लहान काडतुसाचं, वर काचेत लाल ठिपका असलेलं, म्हणजे माशी बघायलाच नको. रोलंडची कुरकुर सुरूच. मोठ्या काडतुसाने मारलं, तर गोळी पुठ्ठ्याच्या मधोमध लागली नाही तरी गुण बरे मिळतात, लहानाने मारलं तर कमी.

"म्हणून मधे मार," आर्लिस म्हणाली. "धक्का कमी आहे, दुसरी गोळी लवकर जाईल. इतकी वर्षं कडेला मारतोयस, जरा शिस्त लागेल."

पिस्तुलाचा प्रश्न सुटला, काडतुसांचा राहिला. पुंगळीतली दारू कुठवर आली, ते रोलंडला दिसत नव्हतं. बाजारची काडतुसं त्याला परवडणारी नव्हती आणि आवडणारी तर नव्हतीच. त्याने आर्लिसला विचारलं, "माझी भरशील?"

नेमबाजांत एक रीत आहे. दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या पिस्तुलात घालायचं नाही आणि आपण भरलेलं दुसऱ्याला द्यायचं नाही. भावाभावांतसुद्धा नाही. आर्लिस ही रीत इतकी पाळायची की एव्हरेटच्या मॅगझीनमध्ये ऐन सामन्यात एक काडतूस कमी पडलं, तरी तिने दिलं नव्हतं. ती दोन वेळा नाही म्हणाली. तिसऱ्या वेळी रोलंडने विचारलं नाही, नुसती बॅग आवरली आणि म्हणाला, पुढच्या उन्हाळ्यापासून तू एकटीच जा. तेव्हा ती हो म्हणाली. एक अट घातली.

"माझी संपली की मला सांगायचं. मधे स्वतः भरायचं नाही. एकही नाही."

"नाही भरत, बाई."

"बाई त्या तिकडे बसल्यात. मला शब्द दे."

त्याने शब्द दिला. ती भरायला लागली, प्रत्येकावर जांभळी रेघ मारून.

ऑगस्टमधल्या एका शनिवारच्या सामन्यात ते झालं. मी टायमरवाल्याच्या मागे गुण लिहीत उभी होते. रोलंड आडोशाच्या पहिल्या भिंतीआडून निघाला, दोन लोखंडी पाट्या पाडल्या, तिसरीवर नेम धरला आणि नेहमीचा आवाज न येता फाटल्यासारखा आवाज आला. पिस्तुलाची मूठ तडकली, मॅगझीनचं बूड उडालं आणि आतली काडतुसं खडीवर सांडली. रोलंड तळहात धरून खाली बसला. कुणीतरी पिस्तूल रिकामं करून ठेवलं, त्याच्या हाताला फडकं बांधलं, कर्ट त्याला गाडीत घालून टाके घालायला घेऊन गेला. कर्ट ड्रायर क्लबचा अध्यक्ष, माझा जुना विद्यार्थी.

खडीतली काडतुसं मी वेचली. कुणाच्या पायाखाली यायला नकोत, म्हणून. ती आर्लिसला दिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. आपणच काही चुकलो, असंच तिला वाटत होतं, दिवा धरूनही काहीतरी सुटलं. तिने एकेक काडतूस उलटं करून पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

"बाई, या दोनांवर रेघ नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे ही माझी नाहीत."

तिच्या चेहऱ्यावर मी सुटकेची वाट बघत होते. पण तिने काडतुसं खिशात टाकली आणि म्हणाली, "आता सांगेल तो." हे ती अगदी सहज म्हणाली, त्यात शंका घेण्यासारखं काही नाही, अशा सुरात.

पुढच्या गुरुवारी क्लबची सभा भरली. सभेला नेहमीसारखे तळलेल्या मटणाचे तुकडे आणि बिस्किटं होती. रोलंडच्या हाताला पांढरी पट्टी. आर्लिस त्याच्या शेजारी बसली, नेहमी बसते तिथेच. त्याला काट्याने मटण टोचता येईना, म्हणून तिने त्याची थाळी जवळ ओढून दिली.

कर्टने विचारलं, "रोलंड, काडतुसं कुणाची होती?"

रोलंडने थाळीकडे पाहिलं. "माझी आर्लिस भरते," तो म्हणाला. "सगळ्यांना माहीत आहे."

एवढंच. वाक्यात खोटं काहीच नव्हतं. आर्लिस त्याच्याकडे वळून बघत राहिली, पुढचं वाक्य येईल म्हणून. त्याने एक बिस्किट उचललं.

तेव्हा तिने खिशातून ती दोन काडतुसं काढून टेबलावर बूड वर करून ठेवली. "ही मॅगझीनमधून पडली. यांवर माझी रेघ नाही."

"मी वेचली," मी म्हटलं. "माझ्या हाताने."

सगळे रोलंडकडे बघायला लागले. तो म्हणाला, "पुसला जातो गं मार्कर कधी कधी. बॅगेत घासून."

"माझा पुसला जातो?"

"होतं असं."

"मग फोडून बघू. माझी दारू बारीक मण्यांसारखी असते, करडी. आत काय आहे ते सगळ्यांसमोर बघू. काडतुसं उघडायचा हातोडा आहे माझ्या गाडीत."

ती उठलीसुद्धा. कर्टने हात वर केला. "आर्लिस, बस ना. आज नको. त्याचा हात बघ. कोर्टकचेरी थोडीच करायचीय आपल्याला?"

"मला करायचीय," आर्लिस म्हणाली.

कुणीतरी हसलं, वाईट हेतूने नव्हे. ग्लेन म्हणाला, "अगं, चूक कुणाचीही होते. आम्ही कुणी तुला काही बोललोय का?" आमच्याकडची माणसं चांगली आहेत. भांडण त्यांना बघवत नाही, आणि ते मिटायला कुणाला तरी गप्प बसावं लागतं. त्या दिवशी ते आर्लिसच्या वाट्याला आलं. ठरलं असं, की यापुढे कुणी कुणासाठी भरायचं नाही आणि आर्लिसने हंगाम संपेपर्यंत बाजारची काडतुसं वापरावीत. कर्ट म्हणाला, सगळ्यांच्या मनाला बरं, इतकंच.

सभा संपल्यावर आम्ही दोघी तिच्या तळघरात गेलो. तिने काडतुसं एकेक करून हातोड्याच्या पोकळ डोक्यात बसवली आणि गोळी निसटेपर्यंत हातोडा लाकडावर ठोकला. दोन्हींतून दारूच्या चपट्या, काळ्या चकत्या पडल्या. पहिल्यातल्या बेताच्या. दुसऱ्यातल्या पुंगळीच्या गळ्यापर्यंत भरलेल्या, दोनदा टाकलेल्या, पिस्तूल फोडायला पुरेशा.

"ही त्याच्या त्या जुन्या डब्यातली," ती म्हणाली. "डोना होती तेव्हापासूनचा डबा." तिने सगळं एका काचेच्या बरणीत भरलं आणि कोट घातला.

मी आपण होऊन तिच्याबरोबर गेले. रोलंडने दार उघडलं, बरणी पाहिली आणि आत या म्हणाला नाही.

"तुझी संपली होती," तो म्हणाला. "आदल्याच आठवड्यात दिली होतीस, पुन्हा कसं मागू? थोडीशीच भरली मी."

"हे तिथे का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर मला रेंजवर उभं करतील का ते? म्हातारा आंधळा झाला म्हणतील. शनिवार सोडला तर माझ्याकडे आहे काय, आर्लिस?"

"आणि मी?"

"तुझ्यावर विश्वास आहे सगळ्यांचा. चार महिन्यांत विसरतील."

"मी चुकले असं धरून विसरतील, रोलंड."

त्याने पट्टीकडे पाहिलं. "सांगणार आहेस का तू?"

"मी सांगून झालं. आता तू सांगायचं."

बरणी तिने पायरीवर ठेवली. आम्ही गाडीत बसून परत निघालो. मग ती म्हणाली, "त्याची थाळी मी जवळ ओढून दिली हो, बाई." आणि रडली. तिला रडताना मी आधी पाहिलं नव्हतं, नवऱ्याच्या वेळीसुद्धा नाही.

रोलंडने सांगितलं नाही. मी मात्र कर्टला सांगितलं, चकत्यांसकट. तो म्हणाला, "बाई, मला तेव्हाच वाटलं होतं." मी विचारलं, मग? तो खाली बघून बुटाने खडी उकरत राहिला, सातवीत असताना करायचा तसाच. आज लिंडालमध्ये ही गोष्ट ठाऊक नाही असं कुणी नाही. हंगाम संपल्यावर बंदी आपोआप उठली, आर्लिसच्या दारी निरोप गेला की ये, तुझी भरलेली घेऊन ये. पण तिची चूक नव्हती हे सभेत कुणी म्हटलं नाही, ते अजून तसंच आहे. रोलंड दर शनिवारी रेंजवर असतो, बाजारची काडतुसं घेऊन. लोक त्याच्याशी गोड बोलतात. मी गुण लिहिणं सोडलं.

आर्लिस आता जेम्स नदीच्या पलीकडच्या क्लबात जाते. स्वतःच गाडी चालवते. पिस्तूल तेच जुनं, मोठ्या काडतुसाचं. स्वतःपुरती काडतुसं भरते, आणि शनिवारी रात्रीच्या जेवणाला घरी परत येते.