डबल डिग्रीचा लोड

मी वरण ढवळत होते. प्राजक्ताने हातातला डाव काढून घेतला. हसत काढून घेतला.

"अगं, तुझा डबल डिग्रीचा लोड आहे यार. आजपासून कुकिंग आम्ही दोघी करतो. तू फक्त भांडी बघ."

मी थँक्यू म्हणाले. ते थँक्यू आठवलं की आजही कान तापतात.

न्यू जर्सीत एका अपार्टमेंटमध्ये आम्ही तिघी मराठी मुली राहायचो. मी ॲक्च्युअरियल स्टडीज आणि इन्फर्मेशन सिस्टिम्स, अशा दोन डिग्र्या एकदम करत होते. पहिली म्हणजे विम्याचं गणित. कोणता माणूस किती धोक्याचा, ते ठरवायचं. दुसरी कम्प्युटरची. लोड होताच, म्हणून मला खरं वाटलं. कॉलिंग कार्ड लावून आईला फोनवर कौतुकानं सांगितलंसुद्धा, किती जपतात गं मला.

आदल्याच रविवारी आम्ही वेस्ट विंडसरला प्राजक्ताच्या काकूंकडे जेवायला गेलो होतो. काकूंनी आग्रहानं पुरणपोळी वाढली. मग विचारलं, "तुमचं घर गावात नेमकं कुठे गं?"

"भीमनगरात," मी म्हणाले.

"हो का," म्हणत काकू तुपाची वाटी घेऊन पुढे गेल्या. मला तूप वाढायचं राहिलं. विसरल्या असतील, असं मी मनात म्हटलं.

त्यानंतर मी रोज भांडी घासली. त्यांचा कुकर, त्यांची पातेली, त्यांचे डबे. शेगडीकडे वळले की कुणीतरी लगबगीनं आडवं यायचं. "राहू दे गं, तू अभ्यास कर." मी गुमान अभ्यासाला बसायचे.

मग एका लेक्चरला प्रोफेसर सांगत होते. विमा कंपनीला माणसाचा वंश विचारायची सोय राहिली नाही, तेव्हा कंपन्या नुसता पत्ता विचारू लागल्या. वस्ती कळली की बाकीचं कळतंच. सगळे लिहून घेत होते. माझं पेन थांबलं. तुमचं घर गावात नेमकं कुठे गं?

लाज वाटली. त्यांची नाही, माझी स्वतःची. गावात हा प्रश्न मी अर्ध्यात ओळखला असता. इथे विमानातून उतरले आणि सगळं मागे सुटलं असं समजून बसले. वर त्यांचे आभार मानले. आईला फोन करून त्यांचं कौतुक केलं.

घरी आले. कुणाला न विचारता तिघींचा भात लावला, वरण केलं. प्राजक्ता ओट्याशी आली.

"तू कशाला? तुझा लोड..."

"लोड डिग्रीचा नाही. भीमनगरचा आहे. तसं बोल."

त्या रात्री दोघींनी दूध-कॉर्नफ्लेक्स खाल्ले. मी त्यांच्यासमोर बसून जेवले. ताट संपेपर्यंत उठले नाही. नंतर माझं ताट तेवढं धुतलं. त्यांचे बाऊल सिंकमध्ये तसेच राहिले.

आता कुणी घर कुठे विचारलं, तर पत्ता सांगत बसत नाही. जात सांगते. आणि तिथल्या तिथे विचारते, माझ्या हातचं जेवणार का?