डिग्री बादलीत

माझ्या एम.एस्सी.च्या प्रबंधाचा काही भाग आमच्या घरच्यांनी भाकरीबरोबर खाल्ला आहे. (मीही खाल्ला. वाया कशाला घालवायचा?)

विंझर गावातल्या आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. माझा प्रकल्प होता खेकड्यांच्या डीएनएवर. दोन खेकड्यांचा डीएनए जितका जुळेल तितकं नातं जवळचं; त्यावरून वंशवृक्ष काढायचा. हे समजावल्यावर आई म्हणाली, "म्हंजी खेकड्यांची सोयरीक बघतीस व्हय! आन् सोताची?"

ओढ्यातले सहा आणि भातखाचरातले सहा खेकडे मी एकाच बादलीत आणले. (दिसायला सारखेच, मग दोन बादल्या कशाला?) अंघोळ करून येते तर बादली रिकामी आणि चुलीवर कालवण!

"आई! त्यात माझी डिग्री होती!"

"मग डिग्री बादलीत कशाला ठिवलीस?"

खेकड्यांचे बारीक पाय वाटून त्यांचा रस कालवणात घालतात. नशीब, ते अजून वाटायचे राहिले होते. पाट्याशेजारी ताटात दोन ढीग होते. मी दोन्ही ओंजळीत घेऊन स्पिरिटच्या बाटलीत कोंबले.

"आगं, मिसळू नगं! ह्ये वढ्यातलं, ह्ये खाचरातलं. जात येगळी हाय."

"एकच आहे, आई. पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तकानं खाल्लाय का कवा खेकडा?"

पुण्यात कॉलेजच्या प्रयोगशाळेत वंशवृक्ष तयार झाला. त्याला दोन फांद्या, एकमेकींपासून चांगल्या लांब! सर खुर्चीतून उठलेच. "दोन जाती! यातली ओढ्याची कोणती?"

मला फक्त ओंजळ आठवली.

"पुन्हा नमुने आणा. नाहीतर वर्ष गेलं."

या वेळी आई सोबत आली, दोन बादल्या घेऊन. खाचरात मी धरलेला एक खेकडा तिनं उलटा करून पाहिला आणि ओढ्याच्या बादलीत टाकला. "ह्यो तितला. पान्यासंगं वाहून आलाय." मी कुरकुरत तसं वहीत लिहिलं.

महिन्याभरानं निकाल आला. तो खेकडा ओढ्याच्याच फांदीवर बसला होता! आईनं पुस्तक कधी उघडलं नाही. पण कितीतरी पावसाळे ती त्या ओढ्यात वाकली होती. मी एकदाही नीट विचारलं नव्हतं.

प्रबंधात मी लिहिलं, 'नमुन्यांची ओळख स्थानिक तज्ज्ञांनी पटवली.' आईला वाचून दाखवलं.

"तज्ज्ञ म्हंजी कोन गं?"

"तू."

"मग तज्ज्ञ जरा टेकती. तू बादल्या घास."

मी दोन्ही घासल्या. आणि वेगवेगळ्या ठेवल्या!