लाल बटण

आमचे काका घरगुती सिनेमा-प्रोजेक्टर दुरुस्त करायचे आणि सगळ्या जगावर संशय घ्यायचे. दुसरं काम त्यांना जास्त चांगलं जमायचं. यंत्र उघडलं की आतले भाग गिऱ्हाइकाकडूनच मोजून घेत, आणि त्यानं बरोबर मोजले की, ‘याला कसं ठाऊक?’ म्हणून त्याच्याकडे रोखून बघत.

पूर्वीचे घरगुती प्रोजेक्टर मुके. मग फिल्मच्या कडेला तपकिरी चुंबकी पट्टी आली, घरचीच माणसं पडद्यावर बोलू लागली आणि काकांच्या दुकानाला बरे दिवस आले. त्या यंत्रांवर एक लाल बटण असे. ते दाबून फिल्म चालवली की नवा आवाज भरला जाई आणि जुना साफ पुसला जाई.

काकू गेली तेव्हा तिच्या आवाजाची एकच फिल्म मागे उरली. काका रोज ती लावून बसत. हळूहळू आवाज घोगरा झाला, मग नुसतीच खरखर. संशय थेट माझ्या आईवर. आई काकूची सख्खी धाकटी बहीण. दोघी एकाच घरात दिलेल्या. एकदा काका नसताना तिनं ती फिल्म लावून पाहिली होती.

“लाल बटण तूच दाबलंस.”

“भावोजी, माझ्याच बहिणीचा आवाज मी कशाला पुसू?”

“तेच तर शोधतोय.”

तेव्हापासून प्रोजेक्टरच्या झाकणावर दोरा चिकटवलेला असे. दोरा सुटला की आईची उलटतपासणी. मला काकांची भयंकर चीड यायची.

मग एका दुपारी यंत्र पुसताना त्यांच्या हातून टाचणी निसटली आणि आवाज उचलणाऱ्या हेडला जाऊन चिकटली. तिथं काहीच चिकटायला नको होतं. काकांनी आपल्या लाडक्या स्क्रू ड्रायव्हरकडे पाहिलं. बारीक स्क्रू पकडायला त्याचं टोक चुंबकाचं होतं. त्याच टोकानं ते हेड सारखं नीट करत. हेडात चुंबकाचा गुण उतरला, आणि ऐकायला म्हणून फिल्म लावली की दर खेपेला काकूचा आवाज थोडा थोडा पुसला गेला.

त्यांनी आईला बोलावलं. खिडक्यांचे पडदे ओढले, दोरा तोडला, फिल्म लावली.

“मीच पुसला गं,” एवढंच बोलले.

पडद्यावर काकू त्यांच्याकडे बोट दाखवून हसत होती. आईनं ती खरखर बंद केली. काकूचे ओठ हलले आणि अंधारातून आई, अगदी बहिणीच्याच आवाजात, म्हणाली, “अहो, स्वेटर उलटा घातलाय तुम्ही.”

काकांचा हात आपसूक गळ्याशी शिवण चाचपायला गेला.