साहेबांचा पहिला चमचा

मंगळवार. हजर: साहेब, कुलकर्णीबाई, पॅकिंगच्या शबानाताई, मणिपूरची नवी बेमचा आणि नोंदी लिहिणारी मी.

लोणच्याची चव पाहायला वेगवेगळ्या घरच्या जिभा हव्यात, म्हणून साहेबांनी आम्हाला निवडलं. पण पहिला चमचा तेच घेतात आणि "झकास!" म्हणतात. मग सगळ्यांचंच झकास.

आज बेमचाने चमचा खाली ठेवला. "तेल खवट आहे."

"तुला आपली चव कळायला वेळ लागेल गं," कुलकर्णीबाई हसल्या.

खवटपणा मलाही लागला होता. शबानाताई नुसत्याच पाणी पीत होत्या. या जिभा चवीसाठी जमवल्या आहेत की नुसत्या माना डोलवायला, अशी शंका येते.

उद्या माल दुकानांत जाईल. माझ्या नावापुढे ‘झकास’ लिहून झालंय. बेमचाचा रकाना भरायचा राहिलाय.