आईच्या उंचीचा फ्रॉक

पांढरकवड्यात माझ्या वयाची एकही मुलगी अशी सापडणार नाही, जी आमच्या चर्चमधल्या शिवणवाल्या मावशीनं शिवलेल्या फ्रॉकात पाय अडकून तोंडावर पडली नाही. मी तर प्रार्थना चालू असताना पडलेली आहे, पास्टरसाहेबांच्या पायाशी, अन् लोकांना वाटलं पोरीला पवित्र आत्म्यानं धरलं! कारण काय, तर मावशी लेकराचं माप घेतच नाही. आईचं घेते. तेही नजरेनं. टेप गळ्यात असतो, पण तो दागिन्यासारखा. कुणी म्हटलं, "अहो, पोरगी एवढीशी आहे", की उत्तर ठरलेलं, "आज एवढीशी हाय. जलमभर एवढीशीच राह्यते काय?" मग खालून दुमडून तरी द्या म्हटलं तर तेही नाही. "दुमडून देल्लं का लेकराले वाढाची घाई राह्यत नाही." आता यावर काय बोलणार! पहिलीतला फ्रॉक मला दहावीत बरोबर बसला, तेव्हा त्याचा निळा रंग उडून पांढरा झालता.

अन् अशा बाईला आमच्या चर्चनं कुठं पाठवावं? युगांडाला! तिथल्या एका गावातल्या बायांना शिवणकाम शिकवायला. मावशीला इंग्रजी येत नाही म्हणून दुभाषी म्हणून मी. विमानतळावरच सुरुवात झाली. हातातल्या पिशवीत हीऽऽ मोठी कात्री. साहेब म्हणाला, चालणार नाही. मावशी म्हणाली, "मंग तिथं कापड दातानं फाडू काय?" कात्री तिथंच राहिली, अन् मी साहेबाची बाजू घेतली म्हणून मावशी युगांडापर्यंत माझ्याशी बोलली नाही.

तिथं गेल्यावर दोन दिवसांत माझी नोकरीच गेली. मावशी सरळ वऱ्हाडीत शिकवायची अन् त्या बायांना सगळं समजायचं. मशीन जोरात पळाली की त्याच एकमेकींना ओरडायच्या, "हळू वं!" त्यांच्यात एस्तेर नावाची एक होती, सगळ्यात हुशार. तिची लहान मुलगी गावातल्याच शाळेत होती. गावात काम मिळालं नाही तर एस्तेरला मुलीला आजीकडे ठेवून शहरात धुणीभांडी करायला जावं लागणार होतं. म्हणूनच शाळेच्या मुख्याध्यापिका जेव्हा म्हणाल्या की नमुन्याचा एक फ्रॉक दाखवा, आवडला तर सगळ्या शाळेचे गणवेश तुम्हीच शिवा, तेव्हा एस्तेरनं मावशीला उचलूनच घेतलं.

नमुना एस्तेरच्याच मुलीचा ठरला. मावशीनं सवयीप्रमाणे आईकडे पाहिलं अन् कापड कापलं. आता एस्तेर म्हणजे शिंदीच्या झाडासारखी उंच! ती मला हळूच म्हणाली, मोठा होतोय. मी मावशीला सांगितलं. मावशी म्हणते, "मोठा नाही वं पोरी, पुढचा हाय तो."

मुख्याध्यापिका आल्या त्या दिवशी दारातून एक फ्रॉक चालत आला. आत कुठंतरी मुलगी होती. बाईंनी चष्मा खाली केला, वर केला, अन् विचारलं, "यात लेकरू आहे का?" मग म्हणाल्या, नको, आम्ही शहरातूनच आणू. कुणी हसलं नाही. एस्तेरनं मुलीला जवळ ओढलं अन् तिच्या डोक्यावरून हात फिरवत बसली, उद्याच निघायचं असल्यासारखी.

मावशीनं ते पाहिलं. अन् ऐका, मी जन्मात पहिल्यांदा तिला गळ्यातला टेप काढताना पाहिलं! इतकी वर्षं लटकून तो पार आखडला होता. गुडघे टेकून तिनं त्या लेकराचं माप घेतलं, लेकराचंच. मला म्हणाली, "त्या बाईले चहा पाज. सावकाश पाज." अन् मग, "एस्तेर, बस मशीनवर. मार दुमड." बाजूनं टाके, खालून चांगली वीतभर दुमड, सगळं आतल्या बाजूनं. बाईंचा चहा संपायच्या आत फ्रॉक गुडघ्याशी आला.

बाईंनी घेर उलटा करून पाहिला. हे एवढं कापड आत कशाला? मी तोंड उघडणार, तर एस्तेरच इंग्रजीत बोलली अन् बाई हसल्या.

"काय म्हणे वं ते?" मावशीनं मला कोपर मारलं.

"मावशी, ती म्हणते, ते पुढचं आहे."

काम मिळालं. एस्तेर गावातच राहिली. परत येताना मावशी विमानात खिडकीकडे तोंड करून बसली, अन् मी विचारलं तर म्हणे, कात्रीची आठवण आली.

आता पांढरकवड्यात मावशी सगळ्यांना दुमड मारून देते. पोरी पडत नाहीत. मला पुण्यात नोकरी लागली, तेव्हा तिनं कुर्ता शिवून दिला. घातला तर अगदी बरोबर. मी सवयीनं खालची कड उलटून पाहिली.

"मावशी, दुमड नाही मारली?"

"कायले?" ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली. "झाली न तू मोठी आता. जा."

मी दारापर्यंत चालत गेली. कुठंच पाय अडकला नाही, अन् म्हणून उगाच एकदा मागं वळून पाहिलं.