मागच्या कोपऱ्याचा पोचा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — आणि सांगायचं होतं ते तिलाच.

सहा वर्षांपूर्वी आम्ही मोठी गाडी घेतली. कसबा बावड्यातल्या आमच्या गल्लीत सगळ्यात उंच. शोभा, माझी बायको, राजारामपुरीत क्लास लावून शिकली — कागलला आजारी आईकडे कधीही जाता यावं म्हणून. आणि चालवायची कशी? बसल्याबसल्या तिन्ही आरसे नीट करायची. सीटच्या पट्ट्याची पीं-पीं बंद व्हावी म्हणून मी खाचेत नुसतीच क्लिप खोचलेली; ती काढून माझ्या हातात द्यायची. मी पट्टा लावेपर्यंत गाडी जागची हलायची नाही. उसाच्या ट्रॉलीमागं एवढं अंतर ठेवायची की मलाच लाज वाटायची.

एकदा मागं बसलेला मित्र म्हणाला, "वहिनी तुझ्यापेक्षा भारी चालवत्यात की, गड्या!" सगळे हसले. मीही हसलो — पण माझी जळाली. एवढ्याशावरून माणूस जळतो का? मी जळलो.

पुढच्याच रविवारी ती कागलहून आली, गाडी दारात लावून आत जाऊन पडली. मी पान खायला म्हणून गाडी काढली. मागं घेताना आरशात बघितलंच नाही — देवळाच्या कट्ट्यावर मागचा कोपरा आदळला. मुकाट्यानं गाडी होती तिथं आणून लावली. पोच्यावर लागलेला कट्ट्याचा चुना रुमालानं पुसला. इथवर भित्रेपणा म्हणा.

पुढचं मात्र — ते मी ठरवून केलं. संध्याकाळी भाऊ, भावजय, शेजारी, सगळे दारात असताना तिला हाक मारली. "कुठं घातलीस गाडी?" ती खाली बसली. पोच्यावरून बोटं फिरवत राहिली.

"मला कळलंच न्हाई हो... एवढा आवाज झाला असंल की."

"म्हशीलाबी कळतंय मागं काय हाय ते," मी म्हणालो. लोक हसले. ती रडली. आणि मला — खरं सांगतो — बरं वाटलं. फार बरं वाटलं.

किल्ली तिनं आपणहून माझ्या हातात दिली. त्यानंतर एसटीनं जायची. आईचं जास्त झालं तेव्हा मला फोन करत होती, मी पत्ते टाकून उठलो नाही. ती पोचली तेव्हा आईला बाहेर ठेवलेलं होतं.

गेल्या महिन्यात मुलगी अठराची झाली. गाडी शिकते म्हणाली. शोभाच बोलली, "नको बाई. मोठ्या गाडीचा अंदाज मला आला न्हाई, तुला कुठनं येणार?"

मुलीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "आई सांगतीया ते ऐक."